पाण्यात काय मिसळावे?

पनवेल परिसरातल्या खाणीतून आलेला, पोकळीत पांढरे झिओलाइट वाढलेला बेसॉल्टचा एक तुकडा आमच्याकडे आहे. ती खाण आता बुजली. तसा दुसरा मिळणे नाही. तो हिरकण्यांच्या पात्याने कापायचा तर पाणी हवेच: ते उष्णता वाहून नेते, घातक धूळ दाबते. पण नुसत्या पाण्याने, त्यात खाडीकडच्या दमट हवेत, पोलादी पाते गंजते.

लेथवाले वापरतात ते दुधाळ पाणी, म्हणजे सोल्युबल ऑइल, गंज उत्तम रोखते. घट्ट बेसॉल्टला ते चालूनही जाईल, झिओलाइटला नाही. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने ग्रीक शब्द जोडून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव घडवले, कारण तापवताच त्यातून पाणी निघते. (नावे ठेवायला जागा नाही असे नाव.) अशा स्फटिकांच्या फटींत तेल मुरले की शुभ्रता डागाळते आणि डाग सहजी धुऊन जात नाही. भांड्यांचा साबण घालावा, तर फेसाखाली कापायची रेघच दिसेनाशी होते.

आम्ही तेलविरहित, पाण्यात विरघळणारे गंजरोधक निवडले आहे. पाते बाजारात पुन्हा मिळते. तरीही काम संपताच टाकी रिकामी करून आम्ही ते कोरडे पुसतो, आणि कापलेला दगड साध्या पाण्यात बुडवून ठेवतो.