गळती कुठून?



मागच्या उन्हाळ्यात पामहून सातपाटीला गेले होते. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या शिडाच्या जुन्या होडीत एक कोळीदादा चक्क पाणी ओतत होते! विचारलं तर म्हणाले, "ताई, पाणी साचतं तिथंच भोक असतं असं नाही. ते फळ्यांवरून ओघळत खोलगट जागी येतं. म्हणून आत ओतायचं नि बाहेरून कुठं झिरपतं ते बघायचं." सांधा सापडला. आता तो सुकवून त्यात कापूस नि राळ ठासायची.

उत्तराध्ययन सूत्राच्या २३व्या अध्ययनातली केशी-गौतमांची नाव आठवली. भोकाची नाव पैलतीराला लागत नाही. पाणी शिरतं तो आस्रव, भोक बुजवणं संवर, पाणी उपसणं निर्जरा.

पर्युषणात मी अठ्ठाई केली, पण सुनेशी अबोला तसाच. म्हणजे नुसतं उपसत होते. मी कॉमर्सवाली, तूट शोधायची सवय. राग साचला होता तिच्या स्वयंपाकावर. झिरपत होता मात्र माझा मान. मुलानं घरखर्चाची वही मला न विचारता तिच्या हाती दिली होती ना!

त्या रात्री तिला हाक मारली, "ये गं, वही घेऊन ये. तू लिही, मी बेरीज तपासते."

संवर असा घरातूनच सुरू होतो, मैत्रिणींनो. मिच्छामि दुक्कडम्.