पिल्लू नव्हे

नांदूरघाटहून समुद्र सर्व बाजूंनी दूर. आमच्या या गावी मासा म्हणजे तळ्यातला, फार तर मांजरेतला. 'माकूल' हा शब्द आम्ही कोकणावरच्या पुस्तकांत वाचला आणि वर्गात कुणी विचारलेच, तर 'एक प्रकारचा मासा' असे सांगून पुढे गेलो. माकूल मासा नव्हे, शंख-शिंपल्यांच्या गोतातला मृदुकाय प्राणी आहे, हे पुढे आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. रत्नागिरीस मत्स्यशास्त्र शिकणारा हा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत बरणीत चार-पाच बोटभर माकुले घेऊन आला.

"पिल्ले दिसतात," आम्ही म्हणालो.

"सर, सगळे हेच म्हणतात," तो हसून म्हणाला.

बाजारातले नेहमीचे माकूल, उरोट्यूथिस ड्युवॉसेली, फूटभर वाढते. बरणीतले होते लोलिओलस हार्डविकी. पूर्ण वाढ होऊनही एवढेच. ओळखायचे कसे? त्याने एकाचे पोट उघडून शाईची पिशवी दाखवली. मोठ्या माकुलाच्या त्या पिशवीवर प्रकाश देणाऱ्या अवयवांची जोडी असते. इथे ती नव्हती. मग पाठीतली पारदर्शक पात ओढून काढली. शास्त्रज्ञ तिला लेखणीच म्हणतात. (शाई आणि लेखणी दोन्ही अंगातच घेऊन जन्मणाऱ्या या प्राण्याने आमच्या धंद्याची अशी थट्टा करावी!) खरी खूण मात्र नराच्या डाव्या बाजूच्या चौथ्या बाहूवर. रेतपुटके मादीपर्यंत पोचवण्यासाठी तो बाहू बदललेला असतो. चूषक जातात आणि त्यांच्या देठांचा एक कंगोरा होतो. मोठ्या जातीत हा बदल बाहूच्या साधारण अर्ध्या भागात, या जातीत जवळजवळ सबंध बाहूवर. असा बाहू असलेला नर लहान असेल, पण कोवळा नसतो.

तज्ज्ञांचीही ओळख एका फटक्यात पटलेली नाही. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४९ मध्ये या जातीला नाव दिले; १८९६ मध्ये गुडरिच यांनी 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजाच्या नावावरून दुसरे दिले; १९८५ मध्ये लू, रोपर आणि टेट यांनी दोन्ही एकच ठरवली. त्याच निबंधात त्यांनी ऑस्ट्रेलियातली एक नवी जात याच कुळात घातली. तिच्या अंगी प्रकाश होता. पुढे तिला उरोट्यूथिसमध्ये हलवावे लागले.

हे ऐकताना आम्हांस अंबाजोगाई आठवली. मुकुंदराज तिथले की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे? 'विवेकसिंधू'चा शके १११० हा काळ सांगणारी ओवी मूळची की मागाहून घातलेली? वाद जुना आहे. नामदेव आणि विष्णुदास नामा यांचे अभंग वेगळे काढतानाही अभ्यासकांची अशीच दमछाक झाली. आम्ही वर्गात हे वाद शिकवतो ते खुणांचे वाद म्हणून, आणि मुलांना सांगतो की नाममुद्रा पाहून कर्ता ठरवू नका, आत पाहा. मग स्वतः काय केले?

काही वर्षांपूर्वी एका मुलाने वही दिली होती. अकरा कविता, प्रत्येक चार-पाच ओळींची. आम्ही तांबड्या शाईने शेरा लिहिला, 'वाढीस वाव आहे', आणि दीर्घकविता वाचण्याचा सल्ला दिला. पोट उघडून पाहिले नाही. फक्त लांबी मोजली. वही परत न्यायला तो आलाच नाही. बरणी आली त्या रात्री आम्ही ती काढून पुन्हा वाचली. अकरांपैकी तीन कवितांत एकही शब्द घालता येण्याजोगा नव्हता. चौथी बद्दल आमचे मन अजून ठरत नाही.

विद्यार्थी बरणी आमच्याकडेच ठेवून गेला. वही तिच्या शेजारी आहे. परवा केजला जाताना एस. टी. नेमकी त्या वहीच्या मालकाच्या बी-बियाण्यांच्या दुकानापाशी थांबली. तो गिऱ्हाइकाला पिशवी तोलून देत होता. आम्ही उतरलो नाही.