लेपा : समुद्राच्या चिखलातला रहिवासी

मुंबई-गोवा महामार्गावर कणकवलीच्या उत्तरेला नांदगाव लागते. गाव डोंगर आणि भातखाचरांमधले. समुद्र इथून दिसत नाही. पण नांदगाव तिठ्यावरून पश्चिमेला फुटणारा रस्ता शिरगाव, तळेबाजार, जामसंडे करीत सुमारे ४० किलोमीटरवर देवगड बंदराला पोचतो. बंदरातली मासळी वर येते ती याच वाटेने. त्या मासळीत बांगडा, पेडवे, सुरमई यांच्या जोडीला एक चपटा, जिभेसारखा दिसणारा मासा असतो. त्याचे नाव लेपा, मालवणीत लेपो.

लेपा हातात घेऊन नीट पाहावा. त्याची एक बाजू चिखलाच्या रंगाची, खवल्यांनी खरखरीत, दुसरी पांढरी. दोन्ही डोळे मात्र वरच्याच बाजूला! जन्मतः तो असा नसतो. त्याची अंडी पाण्यात तरंगतात. त्यांतून निघालेले पिलू इतर माशांसारखे उभे पोहते आणि त्याला दोन बाजूंना दोन डोळे असतात. थोडे वाढले, की उजवा डोळा हळूहळू सरकत डाव्या बाजूला येतो. मग पिलू तळाशी उतरते, उजव्या कुशीवर आडवे होते आणि जन्मभर तसेच राहते. पुष्कळ माशांच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते. मोठ्या लेप्याला ती नसते. तळाशी राहणाऱ्याला तिची गरज काय?

त्याचे घर म्हणजे उथळ समुद्रातला मऊ गाळ आणि बारीक वाळू. अंग हलवून तो गाळ पाठीवर ओढून घेतो आणि डोळे तेवढे बाहेर ठेवून पडून राहतो. शत्रूला दिसत नाही, भक्ष्यालाही नाही. गाळातले किडे आणि कोळंबीच्या जातीचे बारीक जीव हे त्याचे अन्न. पावसाळ्यात सह्याद्रीवरून वाहून आलेली माती नद्या-खाड्यांतून समुद्रात जाते आणि किनाऱ्यालगतच्या या गाळात भर पडते. आपल्या शेतात गांडूळ राबते, तशी समुद्राच्या तळाची ही जमीनही जिवंत आहे.

या जमिनीची काळजी मात्र घ्यायला हवी. किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढायची रापण ही इथली जुनी पद्धत. ट्रॉलरचे जाळे खोल पाण्यात तळ खरवडत जाते. त्यात मोठ्या माशांबरोबर पिल्लेही येतात, आणि गाळातल्या जिवांचे घर विस्कटते. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमानही ठरवून दिले.

गृहिणींनी लेपा घेताना तो घट्ट आहे ना, हे बोटाने दाबून पाहावे. डोक्याकडून कातडी सोलून काढावी, मीठ-मसाला लावून तांदळाच्या पिठात घोळवावा आणि तव्यावर खरपूस भाजावा. पण बोटभर पिल्ले स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. बियाण्याचे धान्य दळून खाल्ले तर पुढच्या पावसाळ्यात पेरायचे काय, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.