किमान शंभर मिलिसेकंद

अनमोड घाट चढून खानापूरमार्गे बेळगावला जाताना मच्छेच्या पुढे पिरनवाडी लागते. मच्छेला १९९८ साली स्थापन झालेलं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ. माझा भाचा पिरनवाडीत खोली घेऊन शिकतो. परवा त्याचा फोन : "मामा, यूएसबी टाइप-सीच्या स्पेसिफिकेशनात जोडणीची खात्री करायला १०० ते २०० मिलिसेकंद दिलेत. ते मोजायचे कधीपासून?"

प्रश्न वरवर किरकोळ. पण केबल खोचताना पिनांचा स्पर्श होतो, सुटतो, परत होतो. म्हणून मोबाईल 'जोडलं' असं लगेच म्हणत नाही, 'अटॅचवेट' नावाच्या अवस्थेत थांबतो. समजा, मध्येच चार मिलिसेकंद स्पर्श सुटला. अवस्था सोडायला तेवढं पुरत नाही, त्यासाठी १० ते २० मिलिसेकंदांची वेगळी मुदत आहे. मग आधी मोजलेला वेळ धरायचा की पुन्हा शून्यापासून?

मी त्याला म्हटलं, अरे, हे व्याकरण आहे. 'किमान इतका वेळ' हे शब्द कुणाला लागतात? अवस्थेला नव्हे, अटीला! पिन जोडलेली 'असणं' तेवढा वेळ टिकायला हवं. अट तुटली की मोजणी नव्याने, मग अवस्था तीच का असेना.

आणि १०० ते २०० ही मुभा आहे. प्रत्येक चिपचं घड्याळ थोडं पुढेमागे चालतं, तेव्हा दीडशेच्या आसपास राहिलेलं बरं.

मंडळी, चार्जर एका कंपनीचा, मोबाईल दुसऱ्या कंपनीचा. दोघांची ओळख नाही. त्यांच्यात असतं फक्त हे एक वाक्य. ते दोघांनी सारखंच वाचलं, तरच जमतं. आपण शाळेत अन्वय लावायचो ना, तो असा कामाला येतो!