तांदूळ गावचा की बाहेरचा?

आमचे गाव सिंधुदुर्गात, बिऱ्हाड मुंबईत. गावाहून कोणी आले की सोबत लाल तांदळाची गठडी येते आणि घरात दोन तट पडतात. सासूबाई म्हणतात, "ताकद आहे ती गावच्या भातात. हा बाहेरचा नुसता पांढरा." मुलांना डब्यात लाल भात नको, वर्गातली पोरे हसतात. यंदा थोरल्या मुलीचे हिमोग्लोबिन 9 निघाले, तेव्हा आम्ही हा वाद नीट तपासायचे ठरविले.

पांढऱ्या भाताची ओढ आपल्याकडे उगीच नाही. आमच्या आजीच्या घरी रोज कण्या नाहीतर पेज. पांढरा भात सणाला. तो मानाचा वाटणारच. बाहेरचा तांदूळही नवा नव्हे. आजोबा गिरणीत होते तेव्हा मुंबईत ब्रह्मदेशाचा तांदूळ येई. 1942 साली जपानने तो देश घेतला, आवक थांबली आणि 1943 मध्ये मुंबईत रेशन सुरू झाले.

पण कस गावावर ठरत नाही, पॉलिशवर ठरतो. जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरांना 1890 च्या दशकात दिसले की, पॉलिशचा तांदूळ खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसाच्या बेरीबेरीचे कारण त्यातूनच उलगडले. 1929 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते पाहावेत. 100 ग्रॅम बिनपॉलिशच्या तांदळात ब-1 जीवनसत्त्व सुमारे 0.27 मिलिग्रॅम, पांढऱ्यात 0.05. उकडा तांदूळ पॉलिश करूनही 0.17 राखतो, कारण साळ उकडताना कोंड्यातले सत्त्व दाण्यात उतरते. म्हणजे गावचे भात गिरणीत नेऊन पांढरेशुभ्र करून आणले, तर गावपण उरते, सत्त्व कोंड्याबरोबर जाते.

लोह मात्र बिनपॉलिशच्या तांदळातही 1 मिलिग्रॅमच्या आसपासच. नुसत्या लाल भाताने मुलीचे रक्त वाढणार नाही. डॉक्टरांच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. म्हणूनच 2021 साली सरकारने लोह, फॉलिक आम्ल व ब-12 घातलेले दाणे रेशनच्या तांदळात मिसळण्याचे जाहीर केले. हे दाणे तांदळाच्याच पिठाचे. धुताना काही तरंगतात, म्हणून वस्तीत 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी आवई उठली आणि बाया ते वेचून टाकू लागल्या. भगिनींनो, असे दाणे दिसले तर टाकू नका. घरात सिकलसेल वा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल, तर तेवढे डॉक्टरांना विचारून घ्या.

तांदूळ फार चोळून धुऊ नये. भात वेळला तर पेज ओतून न देता प्यावी. सोबत डाळ, वर लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. आणि दुकानात तांदूळ घेताना तो कुठला आहे हे विचारण्याआधी पॉलिश किती आहे, हे विचारावे.