कळवलेलंच बरं

2013 साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत दगावलेल्या एका रुग्णाला क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार होता, असं निष्पन्न झालं. तोवर तीच उपकरणं तिथल्या आणखी 8 जणांसाठी वापरली गेली असण्याची शक्यता होती. हा आजार पसरवणारी विकृत प्रथिनं, म्हणजे प्रायॉन, नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला दाद देत नाहीत. त्या आठांनी काय करावं? हेपटायटिस सी असता तर वाट सरळ होती: रक्त तपासायचं, काही काळानं पुन्हा तपासायचं, निघालाच तर गोळ्यांनी तो बहुतेकदा बरा होतो. इथे लक्षणांआधी खात्रीची तपासणी नाही, बरं करणारा उपचारही नाही. मग सांगून नुसती भीतीच का द्यावी? आक्षेप हलका नाही, कारण उपकरणांतून असा संसर्ग झाल्याच्या नोंदी जगात मोजक्याच आहेत. तरीही कळवणंच मला योग्य वाटतं. कळलेला माणूस रक्तदान, अवयवदान टाळू शकतो, पुढच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सावध करू शकतो. न कळलेला नकळत तोच धोका दुसऱ्यापर्यंत नेईल. मात्र पत्र टाकून मोकळं होऊ नये. धोका किती लहान आहे, हे समोर बसून, वेळ देऊन सांगावं. रोजच्या सहवासातून हा आजार पसरत नाही, त्यामुळे घरच्यांना कधी सांगायचं हे त्याचं त्यानं ठरवावं.