इराणी मांजर आणि वैदर्भीय वैशाख

नागपुरात चैत्र सरता सरता उन्हाचा अंमल एकदा बसला, म्हणजे माझ्या पशुचिकित्सालयात लांब केसांची मांजरे पाळणारी मंडळी बहुधा एकच मागणी घेऊन येऊ लागतात. ती ही की, या मुक्या जीवाच्या अंगावरचा एवढा केशसंभार यंत्राने मुळापासून उतरवून द्यावा आणि त्याला उष्म्याच्या जाचातून एकदाचे मोकळे करावे. या मागणीच्या मुळाशी माया असते, याविषयी मला कधीच शंका वाटली नाही. तथापि ती मी सहसा मान्य करीत नाही, आणि का करीत नाही याची कैफियत जरा तपशिलाने मांडावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

मांजर हा प्राणी मुळात उष्ण व रुक्ष प्रदेशातला. आफ्रिका आणि पश्चिम आशिया यांच्या कोरड्या भूमीत हिंडणारे रानमांजर हा आपल्या सर्व पाळीव मांजरांचा पूर्वज होय, आणि त्या वारशामुळेच 30 ते 38 अंश सेल्सिअसच्या ज्या हवेत आपण घामाघूम होतो, त्या हवेत मांजराला शरीराचे तापमान राखण्यासाठी विशेष श्रम पडत नाहीत. त्याचे स्वाभाविक तापमान 38 ते 39.2 अंशांच्या दरम्यान असते. परंतु नवतप्याच्या नऊ तप्त दिवसांत येथील पारा 45 अंशांच्या वर चढतो, तेव्हा भोवतालची हवाच शरीराहून अधिक तप्त झाल्यामुळे अंगातील उष्णता हवेला देऊन टाकण्याचा मार्ग बंद होतो आणि बाष्पीभवनाचा तेवढा एक उपाय शिल्लक राहतो. मनुष्यासारखा सर्वांगाला घाम मांजराला येत नाही. त्याच्या कामी येणाऱ्या घर्मग्रंथी पावलांच्या गाद्यांपुरत्याच असतात. म्हणून ते अंग चाटते, लाळेने केस ओले करते, आणि माठातले पाणी ज्या नियमाने गार होते त्याच नियमाने स्वतःला निववू पाहते.

आता केसांचा विचार. विंचरलेल्या, मोकळ्या केसांत हवेचा जो थर अडकून राहतो, तो थंडीत आतली ऊब जपतो हे खरे. पण बाहेरची हवा शरीराहून तापलेली असेल, तेव्हा तोच थर बाहेरचा ताप आत शिरण्यास विलंब लावतो आणि उन्हाच्या प्रत्यक्ष माऱ्यापासून कातडीचे रक्षण करतो. कातडीपर्यंत हजामत केलेले मांजर सज्जात जाऊन बसले, तर त्याची नाजूक त्वचा भाजते. शिवाय अशा हजामतीसाठी पुष्कळदा गुंगीचे औषध द्यावे लागते, आणि चपट्या नाकाच्या मांजराला ऐन उन्हाळ्यात निव्वळ हौसेखातर गुंगी देणे मला वैद्यकीय दृष्ट्या समर्थनीय वाटत नाही. केस गुंतून त्यांच्या गाठी झाल्या, म्हणजे मात्र मामला बदलतो: हवेचा थर नाहीसा होतो, लाळ कातडीपर्यंत पोचत नाही, आणि खालची त्वचा दमट राहून चिघळते. तेव्हा रोज आधी विरळ व मग दाट दातांच्या पोलादी फणीने आतली मऊ लव काढावी. कानांमागे, काखेत, जांघेत विशेष लक्ष द्यावे. पोटावरचे केस यंत्राने थोडे आखूड करण्यास माझी हरकत नसते. गाठ कात्रीने कापण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये, कारण मांजराची कातडी पातळ असते आणि गाठीबरोबर ती सहज वर उचलली जाऊन कापली जाते.

माझ्या मते इराणी मांजराच्या जातीच्या हालांचे खरे कारण केसांहून अधिक तिच्या नाकात आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खोरासानातील लांब, रेशमी केसांच्या मांजरांचे वर्णन करून ठेवले आहे. त्या वर्णनात कौतुक आहे ते केसांचे. ज्याला आज बाजारात ‘पंच फेस’ म्हणतात आणि ज्यासाठी अधिक दाम मोजतात, तो आत दबलेला चेहरा ही विसाव्या शतकातील पैदासकारांची करणी होय. त्यापायी नाकपुड्या अरुंद झाल्या, नाकातील हाडांच्या नाजूक वळ्या दाटीवाटीने कोंबल्या गेल्या, आणि श्वासावाटे उष्णता टाकण्याची शक्ती क्षीण झाली. कुत्रे जीभ बाहेर काढून धापा टाकते, हा त्याचा नित्याचा शिरस्ता आहे. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर ती आणीबाणी समजावी. ज्यांना हे मांजर नव्याने घ्यावयाचे आहे, त्यांनी निदान लांबट नाकाचे, ‘डॉल फेस’ म्हणतात ते घ्यावे, असा माझा कळकळीचा आग्रह आहे.

घरातील बंदोबस्ताविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे हवेतील ओलावा. विदर्भाच्या कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम काम देतो. मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी, अन्यथा खोलीत दमटपणा साचून कूलरही निरुपयोगी होतो आणि मांजराचे चाटणेही. मुंबई, रत्नागिरी किंवा गोवे येथे 34 अंशांतही हे मांजर कासावीस होते ते याच कारणाने; तेथे कूलरचा उपयोग नाही, वातानुकूलन असेल तर ते, नसेल तर तळमजल्यावरील सावलीची खोली. घाम न येणाऱ्या कोरड्या अंगावर नुसत्या पंख्याचा वारा फारसा उपकारक ठरत नाही. न्हाणीघराची शहाबादी फरशी मांजर स्वतःच शोधून काढते. न्हाणीघराचे दार बंद करू नये, एवढेच आपले कर्तव्य. गच्चीखालच्या खोलीत मात्र दुपारी त्याला कोंडून कोठेही जाऊ नये. वीज गेली की ती खोली भट्टी होते.

पाण्याचा प्रश्न मला अधिक चिंतेचा वाटतो. वाळवंटी पूर्वजाकडून मांजराला मूत्र अतिशय घट्ट करण्याचे सामर्थ्य मिळाले, आणि त्याबरोबरच तहानेची मंद जाणीवही. पाणी कमी पडले तरी ते आपण होऊन भांड्याकडे फारसे वळत नाही. त्यातच या जातीत मूत्रपिंडांत पाण्याच्या पुटकुळ्या होण्याचा आनुवंशिक विकार बराच आढळतो, आणि मातापित्यांपैकी एकाकडूनही तो पिलात उतरू शकतो. रुंद तोंडाची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी, खाण्याच्या ताटलीपासून दूर ठेवावीत, आणि कोरड्या खाद्याऐवजी ओले अन्न, त्यातही थोडे पाणी कालवून, द्यावे.

इतके करूनही एखादे मांजर लाळ गाळीत, धापा टाकीत, झोकांड्या खात असलेले दिसले, तर हा ज्वर समजून माणसाची पॅरासिटॅमॉलची गोळी त्याला कदापि देऊ नये. ते औषध निर्विष करून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही, आणि एका गोळीनेही त्याचा प्राण जाऊ शकतो. उष्माघात हा ज्वरच नव्हे. त्यावर ज्वराचे औषध चालत नाही. मांजराला तत्काळ सावलीत न्यावे, साध्या पाण्याने केस मुळापर्यंत भिजवावेत, आणि अंग ओले असल्यामुळे आता मात्र पंखा जरूर लावावा. बर्फ लावू नये; त्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. तापमान साडेएकोणचाळीस अंशांवर आले की भिजविणे थांबवावे, आणि मांजर उठून चालू लागले तरीही त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. कारण मूत्रपिंडांवर आणि रक्त गोठण्याच्या क्रियेवर झालेला आघात कधी कधी एक-दोन दिवसांनी प्रकट होतो, आणि त्या अवधीत लघवी किती होते, ती लालसर तर नाही ना, यावर घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते.